माहेरचं नाव, सासरचा पत्ता

नोकरीतले पुष्कळ गुन्हे मी विसरलो. दरोडे विसरलो, मारामाऱ्या विसरलो, ज्यांच्या तपासाबद्दल वरिष्ठांनी पाठ थोपटली तेही आता नीट आठवत नाहीत. पण रेल्वेच्या हद्दीतून चालली म्हणून आम्ही पकडलेल्या एका बाईची हकिगत मात्र अजून डोळ्यांपुढून हलत नाही. गुन्हा इतका किरकोळ, की एरवी हवालदाराने दोन शब्द सुनावून तिला हाकलून दिलं असतं. त्या दिवशी तसं झालं नाही, आणि त्याला कारण मी.

ही सगळी हकिगत एका नावावरून घडलेली आहे, आणि नाव मात्र मी कुणाचंच घेणार नाही. त्यातली बरीच माणसं आज नाहीत, पण त्यांची मुलंनातवंडं तिथेच नांदताहेत. चारचौघांत त्यांना संकोच वाटेल असं काही लिहिण्याचा अधिकार मला पेन्शनीबरोबर मिळालेला नाही.

बेचाळीसच्या चळवळीनंतरचं वर्ष होतं. लढाई चालू होती. कुठे तारा तोडल्या जात होत्या, कुठे रूळ उखडले जात होते, आणि भाईंदरच्या खाडीवर रेल्वेचा मोठा पूल. वरून रोज एकच हुकूम यायचा: पुलाजवळ अनोळखी माणूस दिसता कामा नये. आज केबिन रोडला दुकानांच्या गर्दीतून छत्री उघडून चालता येत नाही. तेव्हा ती रेल्वेच्या केबिनकडे जाणारी पायवाट होती, आणि पलीकडे नजर जाईल तिथवर मिठागरं आणि भातखाचरं. आमची चौकी म्हणजे तीन खोल्यांचं कौलारू घर. एक मी, एक हवालदार, पाच शिपाई आणि दोन सायकली. त्यातली एक कायम पंक्चर. चौकीच्या मागेच माझं बिऱ्हाड. मी नव्याने फौजदार झालेला, पंचविशीतला. अंगावर इस्त्रीचा गणवेश आणि डोक्यात नुसती कलमं.

त्यातलं एक कलम या हकिगतीपुरतं समजून घ्यायला हवं. तेव्हाच्या फौजदारी कायद्यात सत्तावन्नावं कलम होतं. एखाद्याने पोलिसांसमक्ष किरकोळ गुन्हा केला आणि विचारल्यावर नाव-पत्ता सांगितला नाही, किंवा सांगितलेला खोटा आहे असं पोलिसाला वाटलं, तर त्याला अटक करता येई. अटक गुन्ह्यासाठी नाही, नाव कळण्यासाठी. खात्री पटली की मुचलक्यावर सोडायचं. चोवीस तासांत पटली नाही तर मॅजिस्ट्रेटपुढे उभं करायचं. मला हे कलम फार आवडायचं. माणूस म्हणजे त्याचं नाव आणि त्याचा पत्ता, एवढी दोन कुलपं उघडली की आत सगळं दिसतं, अशी माझी त्या वयातली समजूत होती.

खबर आणली ती रेल्वेच्या केबिनवाल्याने. माझा एक आडाखा आहे. खबर देणारा येऊन आधी चहाची वाट पाहत बसला, तर खबरीत निम्मं पाणी समजावं. हा गडी उभ्यानेच बोलला.

"साहेब, चार दिवस बघतोय. एक बाई रुळाच्या कडेकडेनं पुलाकडे जाते. अकराच्या सुमाराला. तासाभराने परत येते. हातात काय नसतं. बांधावरून चांगली वाट असताना रुळावरून कशाला जायचं? मला बरोबर वाटत नाय."

मलाही बरोबर वाटलं नाही. भूमिगत मंडळींचे निरोप बायका पोचवतात हे आम्हाला माहीत होतं. दुसऱ्या दिवशी मी आणि हवालदार साध्या कपड्यांत केबिनच्या आडोशाला जाऊन बसलो. अकराला ती आली. वीस-बावीस वर्षांची, आगरी पद्धतीचं आखूड नेसलेलं लुगडं, अनवाणी, आणि चाल अशी की मागे कुणीतरी लागलंय. हवालदार आडवा गेला. ती थांबली, पण घाबरून ओरडली नाही, पळालीही नाही. नुसती पुलाच्या दिशेने बघत राहिली.

"नाव काय तुझं?"

उत्तर नाही.

"कुठं चाललीस?"

उत्तर नाही. आम्ही तिला चौकीत आणली.

नाव लपवणारी माणसं मी नोकरीत भरपूर पाहिली. सराईत चोर नाव लपवत नाही, तो दुसरंच नाव इतक्या सहज सांगतो की आपल्याला ते त्याच्या आईने ठेवल्यासारखं वाटतं. चळवळीतली पोरं नाव विचारलं की छाती काढून 'हिंदुस्थानी' म्हणून सांगायची. ही बाई दोन्हींतली नव्हती. ती ओसरीवरच्या सावलीकडे बघत होती. सावली खांबापासून पुढे सरकली की तिचा जीव वरखाली होई. एवढं दिसत असूनही मी त्याचा अर्थ लावला तो असा, की पुलापाशी तिची कुणीतरी वाट बघतंय आणि वेळ टळतेय. अर्थ बरोबर होता. वाट बघणारा कोण, ते मात्र माझ्या टाळक्यात यायला पुढे तीन तास लागले.

मी तिला कलम समजावलं. नाव सांगितलंस तर सुटशील, नाही तर अटक, आणि उद्यापर्यंत खात्री झाली नाही तर ठाण्याला मॅजिस्ट्रेटसाहेबांपुढे. तिने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं.

"उद्यापर्यंत? म्हंजे आज न्हाय सोडनार?"

"नाव कळल्याशिवाय नाही."

मग तिने नाव सांगितलं. एका फुलाचं नाव होतं, एवढंच सांगतो. हवालदाराने टाक शाईत बुडवला आणि सवयीने पुढचा प्रश्न केला.

"नवरा कुठला?"

ती अडखळली. मग खाली बघून भाईंदरच्या पश्चिमेकडच्या एका गावाचं नाव घेतलं. हवालदाराने 'राहणार' या शब्दापुढे तेच गाव लिहिलं. बाईमाणसाचा पत्ता म्हणजे तिच्या नवऱ्याचं गाव, यात विचारायचं काय? त्यालाही तसंच वाटलं, मलाही. मी लगेच एका शिपायाला सायकलवरून त्या गावच्या पोलीस पाटलाकडे पिटाळलं. ते ऐकलं मात्र, बाई उठून उभी राहिली.

"साहेब, तिथं नका इचारू. तिथं नको. माझं माहेर..."

"माहेरचं तुला कुणी विचारलंय?" मी खेकसलो. "बस खाली."

ती बसली. ते वाक्य मी पुरं होऊ दिलं असतं, तर ही हकिगत तिथेच संपली असती. आजही ते आठवलं की मला माझाच राग येतो.

बाईची झडती बाईनेच घ्यायची असा नियम. आमच्याकडे बायका शिपाई कुठल्या? अशा वेळी आम्ही उत्तनच्या एका मावशीला बोलवायचो. ख्रिस्ती कोळीण, विधवा, रोज पाटी घेऊन भाईंदरला मासळी विकायला येणारी. पाटी ओसरीवर उतरवून ती आतल्या खोलीत गेली. झडतीला दोन मिनिटं लागतात. मावशी पंधरा मिनिटांनी बाहेर आली ती तोंड लाल करून.

"काय सापडलं, मावशी?"

"काय सापडायचं हाय? फौजदारसाहेब, तुमाला आई हाय का न्हाय?" सगळ्या चौकीला ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली. "हिची चोळी दुधानं भिजलीय. हिचं पोर कुठंतरी उपाशी हाय. आनि तुमी हिचं नाव इचारत बसलाव!"

हवालदार शाईच्या दौतीत बघू लागला. वास्तविक इथे तरी माझे डोळे उघडायला हवे होते. पण पोलिसाची बुद्धी म्हणजे चढावर सोडलेली गाडी, पुढे गेली नाही की मागे घसरते. माझ्या मनात भलतंच आलं. दूध आहे आणि मूल जवळ नाही. बाई नाव सांगायला तयार नाही, रोज खाडीकडे जाते. मूल टाकलं तर नसेल?

इतक्यात शिपाई घामाघूम होऊन परतला. पाटलाने छातीठोक सांगितलं होतं, की गावातली चूल न् चूल मला ठाऊक आहे आणि या नावाची बाई गावात नाही, कधी नव्हती.

"खोटं नाव, साहेब," हवालदार म्हणाला. "लागलं सत्तावन्न."

मी बाईसमोर जाऊन उभा राहिलो आणि आवाज चढवला. "नाव खोटं सांगितलंस. आता खरं बोल. मूल कुठं आहे? काय केलंस त्याचं?"

तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि ती रडायला लागली. मोठ्याने नाही. आवाज बाहेर जाऊ नये अशा बेताने, पदराचा बोळा तोंडात धरून. रडता रडता एवढंच म्हणाली, "खोटं न्हाय सांगितलं, साहेब. माझ्या आयशीची शपथ." मावशी तिच्याजवळ जमिनीवर बसली आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहू लागली की मी जेवायची सबब सांगून तिथून निघालो.

ताटावर बसलो होतो, तेवढ्यात चौकीच्या पुढच्या दारी पोस्टमन आला. त्याचा आणि पहाऱ्यावरच्या शिपायाचा संवाद मला आत ऐकू येत होता. पोस्टमन नवा होता. तो एक कार्ड वाचून विचारत होता, अमुक नावाची बाई इथे राहते का? शिपायाने ठणकावलं, "ही पोलीस चौकी आहे. असल्या नावाची बाई इथं कुणी नाही. परत धाड."

आमच्या मंडळींनी हातातली पोळी तव्यावर टाकली आणि खिडकीतून हाक मारली. "अहो पोस्टमन, थांबा! ते माझंच आहे!"

कार्ड तिच्या आत्याचं होतं. आत्याबाईंना आमच्या लग्नात ठेवलेलं नाव पहिल्यापासून पसंत नव्हतं. त्या भाचीला माहेरच्या नावानेच लिहायच्या. आधीचा पोस्टमन ते जाणून होता, त्यामुळे कधी प्रश्न आला नव्हता. मी ताटावरून म्हटलं, "हे नाव कुणाचं?"

तिने कमरेवर हात ठेवले. "कुणाचं म्हणजे? अठरा वर्षं हेच नाव होतं माझं. मुंज्यासारखे अंतरपाटाच्या पलीकडे उभे होतात तेव्हा भटजींनी हेच पुकारलं होतं. मग तुम्हीच तांदळाच्या ताटात अंगठीने दुसरं लिहिलंत आणि हे गेलं. आता तुमचा शिपाई म्हणतो अशी बाई इथे नाही. लावा माझ्यावरही कलम!"

ती हसत होती. मला हसू आलं नाही. माझा हात ताटात तसाच राहिला. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा. माझ्या स्वतःच्या बायकोची चौकशी तिच्या माहेरच्या नावाने माझ्याच दारात झाली असती, तर माझ्याच शिपायाने ती खोटी ठरवली असती. आम्ही माहेरचं नाव घेऊन सासरच्या गावात गेलो होतो. पाटलाने खरं सांगितलं होतं, बाईने खरं सांगितलं होतं, आणि त्या दोन खऱ्यांमधून आम्ही एक खोटं तयार केलं होतं.

हात धुऊन मी चौकीत आलो. त्या वेळी जे केलं ते मला कुणी शिकवलेलं नव्हतं, आणि हवालदारासमोर करताना लाजही वाटली. मी तिच्यासमोर स्टूल ओढून बसलो आणि म्हटलं, "बाई, तुझं नाव खरं आहे. चूक आमची झाली. तुझं माहेर कुठलं ते मी विचारायला हवं होतं. आता सांग."

तिने पदर तोंडावरून काढला. खात्री करून घ्यावी तसं मावशीकडे पाहिलं. मावशी म्हणाली, "बोल गो पोरी. आता मान्सात आलाय तो."

मग ती बोलली. माहेर घोडबंदरचं. बाप नाही, आई आणि एक भाऊ. भाऊ मिठाचा मचवा चालवतो. आठवड्यापूर्वी मीठ भरताना सासऱ्याची आणि भावाची बाचाबाची झाली आणि भावाने भर बंदरावर सासऱ्याची टोपी उडवली. सासरा गावातला वजनदार माणूस, मिठाच्या आगराचा धनी. घरी येऊन त्याने सुनेला सांगितलं, ज्या घराने माझी टोपी उडवली त्या घरात जा. मूल मात्र आमच्या वंशाचं, ते इथेच राहील. मूल सात महिन्यांचं. नवरा मुंबईला गोदीत, महिन्यातून एकदा येणारा, आणि बापापुढे तोंड न उघडणारा. पोर वरचं दूध तोंडात घेईना. तिसऱ्या दिवशी सासूने गुपचूप निरोप धाडला. सासू रोज आगरात सासऱ्याची भाकरी घेऊन जायची. तेव्हा मुलाला पदराखाली घेऊन पुलाच्या अलीकडच्या उघाडीशी, म्हणजे खाडीचं पाणी आतबाहेर सोडायला बांधात फळ्या घातलेल्या असतात तिथे, थांबायची. बांधावरून गेलं तर गावकीची माणसं बघणार, म्हणून ही रुळावरून जायची.

"तुमी सासरी इचारलंत," ती म्हणाली, "आता म्हाताऱ्याला कळंल. सासूबायला मार बसंल. आनि उद्यापास्नं माझ्या बाळाला कोन आनंल?"

एवढंच तिचं सगळं होतं. रोजची ती उघाडीवरची अर्धी घटका. तिला ना तुरुंगाचं भय होतं, ना मॅजिस्ट्रेटचं.

मी घड्याळ पाहिलं. दोन वाजून गेले होते. हवालदाराला म्हटलं, "पंचनामा करायचा आहे. आरोपीला घेऊन घटनास्थळी चला. मावशी, तुम्ही पंच." हवालदार जुना माणूस. त्याने एक अक्षर विचारलं नाही. दुसऱ्या शिपायाला मी बऱ्या सायकलवरून घोडबंदरच्या पाटलाकडे पाठवलं, या वेळी बरोबर नावाने आणि बरोबर गावात.

उन्हातून आम्ही चौघं रुळाच्या कडेने निघालो. पुढे ती. पुढे म्हणजे इतकी पुढे, की कायद्याच्या दृष्टीने ती माझ्या ताब्यात होती की मी तिच्या, हे सांगणं अवघड होतं. उघाडीशी पोचलो तेव्हा बांधाच्या सावलीत एक म्हातारी बसलेली दिसली. मांडीवर मूल. गुळाच्या पाण्यात भिजवलेली चिंधी त्याच्या तोंडात. आम्हाला बघून म्हातारी उठली नाही. तिने सुनेला हाक मारली. ती हाक दुसऱ्याच नावाची होती. एका नदीचं नाव.

"आलीस गो बाय! आता येशील, मग येशील करीत बसलेय. रडून रडून घसा सुकला ह्याचा."

मुलाने आईचा वास घेतला आणि असा हंबरडा फोडला, की पुलावरचा पहारेकरी वाकून बघायला लागला. मावशीने आपल्या लुगड्याचा पदर दोन्ही हातांनी ताणून आडोसा धरला. मी आणि हवालदार पाठ करून खाडीकडे तोंड करून उभे राहिलो. भरती लागत होती. मागे मुलाचे हुंदके हळूहळू कमी झाले आणि मग नुसता घुटक्यांचा आवाज येत राहिला. हवालदाराला पाच मुलं होती. तो चष्मा काढून पुसत बसला.

म्हातारी माझ्यापाशी आली. "साहेब, हिला काय करू नका. घराबाहेर काढली ती आमच्या मान्सानं. मला इचारलं न्हाय. पन ल्हानग्याचं पोट तर भराया पायजे ना? कागदावर माझं नाव लिवनार काय?"

"नाही," मी म्हटलं. "ओळख पटवायला माहेरचा पाटील पुरे आहे."

संध्याकाळच्या आत घोडबंदरचं उत्तर आलं. नाव खरं, बाप अमुक, घर तमुक ठिकाणी. मी स्टेशन डायरीत लिहिलं, की सदर बाईने सांगितलेलं नाव खरं निघालं, पत्ता नोंदवण्यात आमच्याकडून चूक झाली, आणि खाली सही केली. पुढे साहेबांनी त्याबद्दल लाल शाईने शेरा मारला. ते बंगल्यात बसून उंटावरून शेळ्या हाकायचे, त्यांचं काय जातं! बाईला जातमुचलक्यावर सोडलं. पण युद्धाच्या दिवसांत पुलाजवळचं प्रकरण म्हणून नुसता मुचलका चालत नव्हता. तीन दिवसांत जमीनजुमला असलेला जामीनदार आणायला सांगितलं. नाही आणला तर ठाण्याला जावं लागणार होतं. आई विधवा, हातात काही नाही. भाऊ मचवा घेऊन गेला तो पंधरवड्याने येणार. जामीन कोण राहणार?

तिसऱ्या दिवशी सकाळी ती आईला घेऊन येऊन ओसरीच्या कोपऱ्यात बसली. थोड्या वेळाने एक उंच म्हातारा चौकीच्या पायऱ्या चढला. डोक्यावर नवी टोपी. कोपऱ्याकडे त्याने मान वळवली नाही. बसा म्हटलं तरी बसला नाही.

"तुमचा शिपाई आमच्या पाटलाला एका फुलाच्या नावाची बाई इचारून गेला," तो म्हणाला. "पाटलाला ते नाव ठावं न्हाय. मला हाय. मीच बदललं ते लग्नात."

मी गप्प राहिलो. गप्प राहण्याने जेवढं बाहेर येतं तेवढं दरडावण्याने येत नाही, हे मी तीन दिवसांपूर्वीच शिकलो होतो.

"म्हातारी रोज भाकर उशिरा आनते," तो पुढे म्हणाला. "मला काय समजत न्हाय? पहिल्या दिवसापास्नं ठावं हाय, पोराला कुठं नेते ती. मी आपला आगरात तोंड फिरवून बसतो. पन साहेब, माझी टोपी उडवली ती भर बंदरावर, समद्या गावासमोर. आता मीच बोलावनं धाडलं तर लोक थुंकतील माझ्यावर. तुमी सरकारी मानूस. तुमी हुकूम काढा, का ह्या बाईनं सासरी ऱ्हावं. सरकारचा हुकूम म्हनल्यावर माझा इलाज न्हाय."

सुंभ जळला तरी पीळ जात नाही. पण सुंभ जळला होता हे दिसत होतं. त्याच्या मिशा थरथरत होत्या.

"असा हुकूम देणारं कलम माझ्याकडे नाही, बाबा," मी म्हटलं.

त्याने मान हलवली आणि तो जायला वळला. तेव्हा मी त्याला थांबवलं. "एक गोष्ट आहे. या बाईला आज जामीनदार मिळाला नाही तर तिला ठाण्याला न्यावं लागेल. तुम्ही जामीन राहू शकता. पण जामीनदाराने लिहून द्यावं लागतं, की आरोपी माझ्या ओळखीची आहे आणि माझ्या घरी राहते. एकदा लिहून दिलं की तिला घरी ठेवणं तुमच्यावर बंधनकारक. सरकारी कागद आहे."

म्हाताऱ्याने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग स्टुलावर बसला.

हवालदाराने कागद घेतला. कधी नव्हे तो मोठ्या आवाजात, रस्त्यावर ऐकू जाईल असं त्याने विचारलं, "आरोपीचं नाव?"

म्हाताऱ्याने नदीचं नाव सांगितलं. जरा थांबून फुलाचंही सांगितलं. "दोन्ही लिवा."

"तुमचं नातं?"

"सून."

"राहणार?"

इथे तो थांबला. मी मुद्दाम खिडकीबाहेर पाहत होतो.

"माझ्या घरी," तो म्हणाला, आणि अंगठा पुढे केला.

नाव-पत्ता विचारण्याचा अधिकार मी पुढे सगळ्या नोकरीत वापरला. तो हवाच, त्याशिवाय पोलिसाचं काम चालत नाही. पण त्या दिवसापासून बाई समोर आली की मी दोन नावं आणि दोन गावं विचारायचो, आणि उत्तर पुरं होईपर्यंत मधे तोंड घालत नसे. हाताखालच्या पोरांनाही तेच शिकवलं. त्यातली काही पोरं मागे हसायची, हे मला ठाऊक होतं. हसोत बापडी.

म्हातारा अंगठ्याची शाई धोतराला पुसत बाहेर आला आणि पायरीवर उभा राहून सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल असा ओरडला, "चल गो. सरकारनं लिवून घेतलंय, माझा काय इलाज न्हाय." ती उठली, आईच्या पाया पडली आणि त्याच्या मागून पाच पावलं अंतर ठेवून चालू लागली. बांधाच्या वाटेने, रुळावरून नाही. मी हवालदाराच्या हातून कागद घेतला आणि शाई वाळेपर्यंत बघत बसलो. जाणूनबुजून खोटा पत्ता मी सबंध नोकरीत एकदाच लिहून घेतला. तोही तासाभरात खरा झाला.